अक्काचं उरलेलं साल

आमच्या घरात फोन मी उचलत नाही. धुळ्यातल्या आमच्या गल्लीत, नात्यागोत्यात, गॅसवाल्यापासून जावयापर्यंत हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी लहानपणापासून बोलताना अडखळतो. माणूस समोर असला तर निदान हातवारे करता येतात, फोनमध्ये तीही सोय नाही. त्यामुळे फाल्गुनातल्या त्या सकाळी फोन वाजला तेव्हा मी शेजारीच वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो आणि तो वाजू दिला. मालती, माझी बायको, गच्चीवर कपडे वाळत घालत होती. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला... शेवटी ती ओल्या हातांनी जिना उतरून आली, "हॅलो" म्हणाली आणि नुसतीच ऐकत राहिली. मग खाली बसली. "पिंप्राळ्याहून संजय बोलतोय," ती मला म्हणाली. "अक्का गेल्या." संजय म्हणजे माझा भाचा, आणि अक्का म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. कागदोपत्री तिचं नाव सुभद्रा होतं, पण त्या नावाने तिला हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. जळगावात पिंप्राळ्यातल्या आपल्या घरी, खिडकीपाशी खुर्चीत बसून ती पुस्तक वाचत होती, आणि वाचता वाचता गेली. सत्तरीला टेकली होती. माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते जळगावची बस पारोळ्याच्या पुढे गेल्यावर. तोवर मी एवढाच विचार करत होतो की अजून आखाजी यायची आहे, अक्काचं साल पुरं व्हायचं आहे, आणि ही अशी मधेच कशी जाईल?

हे साल काय, ते आधी सांगायला हवं. आमच्या खान्देशात शेतावर वर्षभरासाठी ठेवलेल्या माणसाला सालदार म्हणतात. त्याचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. मधे ऊन असो, थंडी असो, घरात लग्न असो की मयत, घेतलेलं साल पुरं करायचं असतं. आमचा बाप चोपड्याजवळच्या एका गावात, केळीच्या बागायतदाराकडे सालदार होता. त्या मालकांना सगळे आबा म्हणत. माणूस भला होता. मी पाटीपेन्सिलीतून नुकता वहीपर्यंत पोचलो होतो आणि अक्का सातवीत होती, तेव्हा बापाला कावीळ झाली आणि ऐन थंडीत तो गेला. आखाजीला अजून बरेच महिने होते. तेरावं झालं त्या दिवशी आबा आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि आईला म्हणाले, "बाई, साल राही गयं ते राही गयं. मनं काई म्हननं नही." आईने पदर डोळ्याला लावला. आणि दाराआडून अक्का बाहेर आली. "आबा, बापनं साल मी पुरं करसू."

ही पोर किती भित्री होती, ते आधी माहीत असल्याशिवाय या वाक्याची किंमत कळायची नाही. बैल अंगावर येईल म्हणून ती गोठ्याच्या बाजूने जात नसे. विहिरीत डोकावत नसे. केळीची बाग भर दुपारी आतून अंधारी असते. मोठमोठी पानं वर एकमेकांत गुंतलेली, खाली ओलावा, पाचोळा, आणि त्या पाचोळ्यात काय सळसळेल याचा नेम नाही. त्या बागेच्या कडेने जाताना अक्का माझा हात धरायची. मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान असून. आबांनाही ते माहीत होतं. ते हसले नाहीत, पण म्हणाले, "बागमा तुले भ्याव वाटी, पोरी."

"भ्याव वाटी ते वाटी," अक्का म्हणाली.

तिने ते साल पुरं केलं. बैलांचं चारापाणी केलं, बागेला पाणी भरलं, वाळकी पानं कापली, घड वाहिले. पहिले काही दिवस ती बागेत शिरताना मोठमोठ्याने पाढे म्हणायची; मला घरच्या ओट्यावर ऐकू यायचे. मग पाढे बंद झाले. केळीचा चीक कपड्याला लागला की त्याचा काळा डाग कधी जात नाही. तिचे दोन्ही परकर त्या डागांनी भरून गेले आणि तिने ते वर्षानुवर्षं फेकले नाहीत. आखाजीच्या दिवशी आबांनी तिला नवं लुगडं दिलं आणि गावासमोर म्हणाले की पुढचं सालही हिचंच. तेव्हा ती म्हणाली, "नही आबा. बापनं साल झायं. आते मनं साल." म्हणजे काय, ते आबांना कळलं नाही, आईला कळलं नाही, मला तर नाहीच नाही. तिने शेजारच्यांची मोडकी सायकल मागून आणली आणि शेतातल्या पायवाटेवर पडायला सुरुवात केली. सायकल यायला लागल्यावरही ती वर्ष संपेपर्यंत रोज चालवतच राहिली, कारण साल म्हणजे साल.

तेव्हापासून दर आखाजीला अक्का एका गोष्टीची सालदार व्हायची. गोष्ट निवडायची ती हटकून जिचं भय वाटतं तीच. लग्न होऊन पिंप्राळ्याला गेली, सासू-सासरे, दुकान, दोन मुलं सगळं सांभाळलं, पण हा नेम सुटला नाही. एक साल दहावीच्या गणिताचं होतं. त्यात ती नापास झाली. मी सांत्वन करायला गेलो तर ही पेढे वाटत होती. मी "प... पण" एवढं म्हणतोय तोच तिने पेढा माझ्या तोंडात कोंबला. "सालदारनी राबनं," ती म्हणाली, "पीक येस का नही, ते त्याना हातमा नही." पुढच्या वर्षी तिने पुन्हा गणितच घेतलं आणि पास झाली. तेव्हा मात्र पेढे वाटले नाहीत, बर्फी वाटली. एक साल पेटीचं होतं. त्या वर्षी तिच्या गल्लीने काय सोसलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. भाऊजी म्हणजे तिचे यजमान तर रोज संध्याकाळी मेहरूण तलावावर फिरायला जायला लागले आणि त्यांची शुगर खाली आली. आणि एक साल तिने आमच्या मालतीशी न भांडण्याचं घेतलं होतं. नणंद-भावजयीचं आमच्याकडे विशेष गुळपीठ नव्हतं. ते वर्ष अक्का जीभ चावून राहिली. आखाजीला मी तिचं कौतुक केलं तेव्हा मालती शांतपणे म्हणाली, "ते साल अर्धं माझंही होतं." त्यावर दोघी हसत सुटल्या आणि त्यानंतर त्या कधी भांडल्या नाहीत. भांडायची सवयच गेली.

पण मला हात टेकायला लावले ते पोहण्याच्या सालाने. अक्काची पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि विहिरीत न डोकावणारी माझी बहीण जळगावात बायकांच्या वेळेत तरणतलावावर जाऊ लागली. मालतीला घेऊन मी मुद्दाम बघायला गेलो. मी जाळीबाहेर, मालती आत. शिकवणारी मुलगी संजयहून लहान. अक्का अंगभर पोशाखात, डोक्यावर रबरी टोपी घालून काठावर उभी होती आणि तिचे पाय थरथरत होते; ते मला जाळीतूनही दिसत होतं. मला वाटलं, आता मागे फिरेल. फिरावी असं मनापासून वाटत होतं, खोटं कशाला बोलू. ती तशीच थरथरत पाण्यात गेली. बुडाली, वर आली, खोकली, पुन्हा गेली... आणि खोल भागातून, हातपाय वेडेवाकडे मारत, तोंड आभाळाकडे करून पलीकडच्या काठाला लागली. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, म्हणजे विचारायचा प्रयत्न केला, की भीती गेली का. तिने केस पिळले. "भ्याव कठे जास," ती म्हणाली. "पानी केळीना बागसारखं शे. बाहेरतून अंधार दिसस. मझार गयं का वाट सापडस." ती निर्भय नव्हती. हे मला फार उशिरा उमगलं आणि तेव्हापासून तिच्याविषयी जे वाटायचं त्याला आदर हा शब्द पुरत नाही. ज्यांना भीतीच वाटत नाही अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. अक्काला प्रत्येक वेळी वाटायची, आणि ती तिला बरोबर घेऊन जायची.

लग्नानंतर ती दर आखाजीला माहेरी म्हणजे धुळ्याला आमच्याकडे यायची. आमच्याकडे आखाजी हा लेकीबाळींचा सण. दारातल्या निंबाला मी झोका बांधायचो, मालती सांजोऱ्या तळायची, आणि अक्का झोक्यावर बसून जुनं साल कसं गेलं ते सांगून नव्याचं नाव जाहीर करायची. मग पाय जमिनीला टेकवून झोका थांबवायची आणि मला विचारायची, "पल्हाद, तुनं साल?" आईबापाने माझं नाव प्रल्हाद ठेवलं. अडखळणाऱ्या पोराला जोडाक्षराने सुरू होणारं नाव देणं ही त्यांची चेष्टा नव्हती; मी अडखळणार हे तेव्हा कुणाला माहीत होतं? मी दर वेळी म्हणायचो, "पु... पुढल्या वर्षी." ती पुन्हा झोका घ्यायची. तिने कधी आग्रह केला नाही. आणखी एक गोष्ट तिने कधी केली नाही... माझा शब्द अडकला की लोक तो माझ्यासाठी पुरा करून टाकतात. शिक्षकांनी केला, साहेबांनी केला, मालतीसुद्धा करते, प्रेमानेच करते. अक्काने आयुष्यात एकदाही केला नाही. ती थांबायची. चहा गार झाला तरी थांबायची. सरकारी कचेरीत नकाशे काढण्याची नोकरी मी निवडली ती बोलावं लागू नये म्हणून, आणि तिथून निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणाऐवजी हात जोडले. अक्का पहिल्या रांगेत बसली होती. तेव्हाही ती थांबली होती, असं मला आता वाटतं.

गेल्या आखाजीला तिने जे साल घेतलं ते ऐकून मला हसू आलं होतं. तिच्या गल्लीत प्रज्ञा नावाची मुलगी आईबरोबर राहते. आई दवाखान्यात नर्स. प्रज्ञाला जन्मापासून दिसत नाही, आणि ती राज्यशास्त्रात एम.ए. करते आहे. हल्ली मोबाईल पुस्तकं वाचून दाखवतो म्हणतात, पण तिला लागणारी जुनी मराठी पुस्तकं त्याला धड वाचता येत नाहीत. तो ओळीच्या ओळी गिळतो. आईला ड्युटीमुळे वेळ नाही. अक्का म्हणाली, मी वाचते. दुसऱ्या प्रयत्नात दहावी झालेली बाई, आणि पुस्तकात शब्द कसले, तर सार्वभौमत्व, विकेंद्रीकरण! पण रोज सकाळी ती खिडकीपाशी बसून फोनमध्ये वाचायची आणि ते रेकॉर्डिंग प्रज्ञाला पाठवायची. अवघड शब्द आला की तीनदा तीनदा म्हणायची आणि मधेच, "हा लेखक काही सरळ बोलत नाही बाई," असंही रेकॉर्ड होऊन जायचं. चूक झाली की म्हणायची, "थांब, परत वाचते." परीक्षा आखाजीनंतर होती. साल अगदी मापात बसलं होतं.

तेराव्याच्या दिवशी प्रज्ञा आईबरोबर आली. पांढरी काठी दारात उभी करून संजयशेजारी बसली आणि म्हणाली, "अक्कांचं शेवटचं पुस्तक थोडं राहिलंय. पण त्याचं काही नाही, मी करेन काहीतरी." संजय म्हणाला, "खरंच गं, आता कोण..." आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होतो. म्हणालो, "मी... मी..." सगळे वळले. माझा चेहरा अशा वेळी कसा होतो ते मला माहीत आहे. लोक नजर चुकवतात. संजयने तोंड उघडलं, मामांना पाणी हवंय असं त्याला वाटलं. मालतीने त्याचा हात धरला. प्रज्ञाने मात्र मान माझ्या दिशेला वळवली आणि नुसती थांबली... अगदी तशीच. "मी वा... वाचसू," मी म्हणालो. शहरात राहून चाळीस वर्षं न आलेली बोली नेमकी तेव्हा तोंडात आली.

संजयने मला ते पुस्तक आणि अक्काचा फोन दिला. त्यात शेवटचं रेकॉर्डिंग होतं, न पाठवलेलं. ते मी धुळ्याला आल्यावर ऐकलं. अक्का ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीबद्दल वाचते आहे. एका लांबलचक वाक्याच्या मध्यावर ती थांबते. "थांब, पाणी पिऊन येते," म्हणते. पाणीपट्टीचं वाचता वाचता तहान लागली असेल. मग खुर्ची सरकल्याचा आवाज नाही, पावलं नाहीत; नुसता पंखा, आणि खाली रस्त्यावरून जाणारा भंगारवाला. मी तिथेच बंद केलं. पुढचं मी ऐकलेलं नाही आणि ऐकणारही नाही. कुठवर वाचून झालंय ते कळावं म्हणून रेकॉर्डिंग तेवढं प्रज्ञाकडे पाठवून दिलं.

मला वाटलं होतं, तो परिच्छेद मी पहिल्यापासून वाचेन. प्रज्ञाने फोनवर, म्हणजे मालतीच्या मार्फत, निरोप दिला की नको, अक्कांनी वाचलंय तेवढं राहू द्या, काकांनी पुढचं वाचावं. पुढचा शब्द होता 'परंतु'. प अक्षराशी माझं जन्माचं वैर आहे. खोलीचं दार लावून मी फोन समोर ठेवला, बटण दाबलं, आणि त्या एका 'परंतु'ने मला घाम फोडला. ओठ मिटले ते उघडेनात. पुसून टाकलं, पुन्हा केलं, पुन्हा पुसलं. त्या सकाळी अर्ध्या पानाच्या पुढे गेलो नाही. दुसऱ्या दिवशी तेच. भीती वाटत होती, लाज वाटत होती, आणि केळीच्या बागेत पाढे म्हणणारी ती पोर डोळ्यांपुढून हलत नव्हती. शेवटी मी ठरवलं, पुसायचं नाही. अडखळलो तसंच रेकॉर्डिंग पाठवून दिलं. सोबत लिहून कळवलं की ऐकायला त्रास होईल, त्याबद्दल माफी असावी. प्रज्ञाचं उत्तर आलं, बोलून पाठवलेलं. "काका, मी सगळं दीडपटीने ऐकते. त्या वेगात सगळेच सरळ बोलतात. तुम्ही तुमच्या चालीने वाचा."

मी खूप वेळ हसलो. मग रडलो. अक्का गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणाने रडलो.

त्यानंतर रोज सकाळी वाचत गेलो. माझी जीभ सुधारली असं मुळीच नाही. 'परंतु' दिसला की आजही ओठ मिटतात, आणि राज्यशास्त्राच्या लेखकांना हा शब्द इतका का प्रिय आहे कळत नाही. पण मझार, म्हणजे आत, गेल्यावर थोडी वाट दिसते, हे खरं आहे. पुस्तक आखाजीच्या आदल्या दिवशी संपलं. प्रज्ञाने सगळी रेकॉर्डिंगं एकापुढे एक जोडून मला पाठवली. तहान लागल्याचं आणि त्यानंतरचं तेवढं तिने संजयला विचारून काढलं होतं. पाणीपट्टीचं ते वाक्य मी लावलं. अर्ध्यापर्यंत अक्का, आणि श्वासभराच्या अंतराने मी. एकच वाक्य. साध्या करवसुलीचं ते वाक्य मी किती वेळा ऐकलं, सांगणार नाही.

आखाजीला मी निंबाला झोका बांधला. मालती म्हणाली, कशाला? पण दोर तिनेच काढून दिला. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्यांचीही आठवण करतात, तशी केली, सांजोऱ्या झाल्या, आणि दुपारी मी जाऊन झोक्याच्या पाटावर बसलो. साठी उलटलेला माणूस झोक्यावर पाहून गल्लीतली पोरं हसली. हसू देत. पाय जमिनीला टेकवून मी झोका थांबवला. अक्काचं साल झालं होतं. आता कुणी विचारणारं नव्हतं, आणि त्यामुळेच असेल, पुढल्या वर्षीवर ढकलायलाही कुणी नव्हतं. संध्याकाळी मी मालतीला सांगून टाकलं की यंदाचं साल फोनचं. घरातला फोन पुढच्या आखाजीपर्यंत मी उचलणार. कुणाचाही असो. शब्द अडकला तर अडकेल, पलीकडचा थांबला तर थांबेल. मालतीने विचारलं, "गॅसवाल्याचाही?" मी म्हटलं, गॅसवाल्याचाही.

झोका अजून सोडलेला नाही. हा लेख मी त्याच्या पाटावर बसून लिहितो आहे. अक्काबद्दल सांगण्यासारखं आणखी पुष्कळ आहे, पण आता थांबायला हवं, कारण आत फोन वाजतो आहे आणि मालती जागची हललेली नाही.